अप्पांचं हलतं स्टेअरिंग

माझा धंदा लोकांच्या गाड्या सरळ करण्याचा. लातुरात नांदेड रस्त्यावर माझं व्हील अलाइनमेंटचं दुकान आहे. दारात पाटी आहे : 'येथे गाडी खात्रीने सरळ चालेल.' ही पाटी गेल्या वर्षापासून डाव्या अंगाला वाकलेली आहे. ती कशी वाकली ते पुढे सांगतो. सरळ करायला मला सवड झालेली नाही. आमच्या सौभाग्यवती शाळेत गणित शिकवतात. त्यांचं म्हणणं, तालुक्यातल्या गाड्यांचे कोन मोजत बसलेल्या माणसाला घरातल्या कपाटाचा एक पाय आखूड आहे हे दिसत नाही, तर पाटी कुठून दिसणार?

बाहेरच्या माणसाला हा धंदा थोडक्यात सांगायचा तर असा. चालताना काही माणसांची पावलं आत वळतात, काहींची बाहेर फाकतात. गाडीच्या पुढच्या चाकांचंही तसंच असतं. ती किती आत किंवा बाहेर बघतात ते मोजायचं आणि ठरल्या मापात आणायचं. माप अंशात असतं आणि एका अंशाचे पुन्हा साठ भाग. त्यातले थोडे भाग इकडचे तिकडे झाले तरी टायर एका कडेने झिजतं, गाडी एका बाजूला ओढते आणि गिऱ्हाईक माझ्याकडे येतं. नांदेडला एका वर्कशॉपमध्ये मी हे शिकलो आणि मग सासुरवाडीच्या गावात, म्हणजे लातुरात, स्वतःचं दुकान थाटलं. मशीनचा आकडा गिऱ्हाइकाला कळत नाही. म्हणून काम झालं की मी त्याला शेजारी बसवतो, अहमदपूरच्या दिशेने मोकळा सरळ पट्टा लागला की स्टेअरिंगवरचे हात क्षणभर उचलतो आणि म्हणतो, "बघा." गाडी रेघेत जाते. गिऱ्हाईक खूश, मी त्याहून खूश. हात सोडून दाखवणं ही माझ्या दुकानाची मोहोर. त्या मोहोरेचा मला किती गर्व होता, हे या लेखात उघडं पडणारच आहे.

तशीच एक गोष्ट मी वर्षानुवर्षं प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत आलो. मुखेडचा एक जीपवाला होता. त्याची तक्रार अशी की गाडी डावीकडे ओढते, पण फक्त बाजाराच्या दिवशी. मी मापं घेतली, सगळं बरोबर. पुन्हा घेतली, तरी बरोबर. शेवटी बाजाराच्या दिवशी मुखेडला जाऊन बघितलं. जीपच्या डाव्या बाजूला, पायरीवर, दारावर, जिथे मिळेल तिथे माणसं लोंबकळत होती. उजवीकडे मात्र ड्रायव्हर एकटा. मी म्हणालो, "बाबा, यातली अर्धी माणसं उजवीकडं लटकव." तो म्हणाला, "उजवीकडून समोरच्या गाड्या येतात की, साहेब. मरतील ना माणसं!" त्या दिवसापासून मी सांगत असे, गाडी तपासताना आधी आत कोण बसतं ते बघावं. फार मोठं तत्त्व सापडल्यासारखं सांगत असे. लोकांना सांगायला ते तत्त्व बरं होतं. वापरायची पाळी आली तेव्हा मला ते आठवलं नाही.

आता अप्पांकडे येतो.

अप्पा म्हणजे आडत बाजारातले जुने व्यापारी. दुकान मुलाकडे, महेशकडे, सोपवून मोकळे झालेले. कपाळावर विभूतीचे पट्टे, पांढरं धोतर, गळ्यात लिंग. माझ्या दुकानात येतात तेव्हा बाकड्यावर न बसता गाडीच्या चाकाशी उभे राहून प्रश्न विचारतात. मी लांबलचक उत्तरं देतो म्हणून त्यांनी मला 'मास्तर' नाव ठेवलं. मास्तरीण माझ्या घरात आहे, मी नाही, हे मी त्यांना कितीदा तरी सांगितलं.

अप्पांची मोठी बहीण, अक्का, जळकोटला असते. दर सोमवारी पूजा आटोपली की अप्पा स्वतः गाडी चालवत चाकूर, शिरूर ताजबंद करत जळकोटला जायचे. अक्काला पुढच्या सीटवर बसवून गावाबाहेर एक फेरी मारायची, तिच्या हातची भाकरी खायची आणि दिवस कलायच्या आत परत यायचं. अक्का घराबाहेर पडायची ती त्या सोमवारपुरतीच. अप्पांची जुनी गाडी जड होती. स्टेअरिंग फिरवायला दंडात ताकद लागायची. महेशने ती विकून नवी विजेवर चालणारी गाडी घेतली, वडिलांना त्रास नको म्हणून. ती घेऊन अप्पा माझ्याकडे आले आणि बॉनेटवर थाप मारून म्हणाले,

"मास्तर, ह्या गाडीत स्टेअरिंगचा दांडाच न्हाई म्हणायलेत. खरं हाय का?"

खरं होतं. तशी गाडी मी वाचली होती, बघितली नव्हती. आमच्या भागात तोवर तरी ती एकटीच असावी. आजवरच्या गाडीत स्टेअरिंगपासून चाकापर्यंत लोखंडी दांडा असतो. तुम्ही फिरवता, दांडा फिरतो, चाक वळतं. ह्या गाडीत दांडा नाही, तारा आहेत. तुम्ही स्टेअरिंग फिरवलंत की ते नुसतं गाडीतल्या संगणकाला कळतं. पुढे चाकांशी बसलेल्या मोटरीला संगणक सांगतो आणि मोटर चाक वळवते.

अप्पांना मी घरचा दाखला दिला. पूर्वी भाजी मी स्वतः मंडईत जाऊन आणायचो. वांगी हवी असली तर वांगीच येत. आता मुलाला फोन करून सांगतो. मी चार भाज्या सांगतो, तो त्याला पटतील त्या तीन आणतो. काम होतं, आपले पाय दुखत नाहीत. फक्त आपण सांगितलेलं सगळंच तसंच्या तसं होतं असं नाही.

"म्हंजी हे गाडीतलं पोरगं आपलं ऐकंल का न्हाई, ते त्याच्या मर्जीवर?" अप्पांनी विचारलं.

"मर्जीवर नाही, अप्पा. हिशोबावर. त्याला जे फालतू वाटतं ते तो गाळतो," मी ऐटीत म्हणालो. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. मी स्वतः ते लगेच विसरलो.

"चालवून बगा," म्हणून अप्पांनी मला बसवलं. अशा गाडीत हळू चालताना स्टेअरिंग जरासं फिरवलं तरी चाक भरपूर वळतं. गरगर दोन-दोन फेरे मारावे लागत नाहीत. हेही मी वाचलेलं होतं. पण माझ्या दंडांनी ते वाचलेलं नव्हतं. दुकानातून बाहेर पडताना मी सवयीने स्टेअरिंग ओढलं, गाडी जागच्या जागी वळली आणि 'खात्रीने सरळ चालेल' या पाटीच्या खांबाला जाऊन टेकली.

माझ्याकडे सलीमभाई काम करतात, नांदेडपासून माझ्याबरोबर. ते टायर सोडून धावत आले. आधी त्यांनी गाडी बघितली. तिला ओरखडाही नव्हता. मग खांब बघितला. मग माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाले, "शेठ, खात्रीनं वळली."

अप्पा हसून हसून वाकले. ती पाटी तशीच राहिली आहे.

पुढे पंधरवडा गेला नसेल, अप्पा पुन्हा आले. आता चेहऱ्यावर हसू नव्हतं.

"मास्तर, स्टेअरिंग हलायलंय."

"कधी हलतं? जोरात असताना? ब्रेक मारताना?"

"कवाबी. धरलं की हलायलंय. बारीक बारीक. थरथर. जुन्या गाडीला हे न्हवतं."

स्टेअरिंग थरथरणं ही माझ्या धंद्यातली सर्वांत सोपी तक्रार. चाकाचं वजन सगळीकडे सारखं नसेल तर असं होतं. आम्ही चाकं काढली, बॅलन्सिंग केलं, शिशाचे तुकडे लावले. अप्पांना शेजारी बसवलं, सरळ पट्ट्यावर गेलो, हात उचलले. "बघा." स्टेअरिंग देव्हाऱ्यातल्या समईसारखं स्थिर.

"हाव, आता न्हाई हालत," अप्पा म्हणाले. परत निघताना सलीमभाईंनी चहा पुढे केला तर हाताने नको म्हणाले. "चहा सोडलाय मी."

पुढच्या आठवड्यात पुन्हा हजर. "मास्तर, हलायलंय."

मी पुढची चाकं मागे लावली, मागची पुढे. टायरच्या हवेचा दाब मोजला. अलाइनमेंट केली. तीनदा केली, कारण पहिल्या दोन वेळा माप इतकं अचूक आलं की मलाच संशय आला. मग मशीनवर संशय घेतला आणि मशीन तपासलं. मग रस्त्यावर संशय घेतला. आपला रस्ता मधे उंच आणि कडेला उतरता असतो, त्यावर मी अप्पांना एक व्याख्यान दिलं. अप्पा म्हणाले, "मास्तर, रस्ता तोच हाय, मी तोच हाय. गाडी तेवढी नवी." हा हिशोब मला बिनतोड वाटला. बदललेली गोष्ट एकच, मग दोष तिच्यातच. गणितात माझे मार्क चांगले असत, ते असे.

दर वेळी शेवट तोच. पट्टा, हात उचलले, बघा, स्थिर. दर वेळी अप्पांचा चहाला नकार. गेली कितीतरी वर्षं माझ्या बाकड्याजवळ उभ्याने चहा पिणारा माणूस आता चहा घेत नाही, म्हणजे तो माझ्या कामावर नाराज आहे, असा मी अर्थ काढला. या अर्थाने मला झोप लागेना. घरी बोललो तर बायको म्हणाली, "त्यांना ॲसिडिटी झाली असेल. सगळं जग तुमच्या अलाइनमेंटवरच चहा पितं का?"

मग एक दिवस महेश एकटाच आला. कामाचा, नेमका बोलणारा मुलगा. म्हणाला, "काका, मी रोज चालवतो, मला काहीच जाणवत नाही. कंपनीच्या लोकांनी गाडी तपासली, त्यांनाही काही सापडलं नाही. तुम्हाला सापडलं का?"

"अजून नाही."

"मग अप्पांचा वहमच म्हणायचा, मनाचा खेळ. त्यांना ही गाडी मनातून आवडलेली नाही. मी ठरवलंय, भीत भीत चालवण्यापेक्षा नको ते सोमवारचं जाणं. फोनवर बोलावं अक्काशी. तुम्ही एकदा शेवटचं बघा आणि त्यांना स्पष्ट सांगा, गाडीत दोष नाही म्हणून. तुमचं ऐकतात ते."

त्याच दिवशी संध्याकाळी अप्पांचा फोन आला. त्यांना मुलाचा बेत कळला होता. "मास्तर, काय असंल ते हुडका बरं का. पोरगं म्हणायलंय, वहम हाय. अक्का दारात खुर्ची टाकून बसती हो सोमवारी. तुम्ही दोष दाखवला की पोरगं गप बसंल."

बाप म्हणतो दोष शोधा, मुलगा म्हणतो दोष नाही असं सांगा. आणि मधे मी, ज्याला गाडीतलं काहीही सापडत नव्हतं. नांदेडच्या वर्कशॉपमधल्या जुन्या सहकाऱ्याला फोन केला. तो चांगला माणूस. आधी पाचेक मिनिटं हसला, मग त्याचा स्कॅनर पाठवला. स्कॅनर म्हणजे गाडीची नाडी बघायचं यंत्र. एक वायर गाडीत खोचायची, टॅबच्या पडद्यावर गाडीच्या आत काय चाललंय ते रेघांनी दिसतं. या गाडीत मला दोन रेघा बघता येणार होत्या. वरची रेघ स्टेअरिंगची : हाताने ते किती फिरलं. खालची रेघ चाकांची : ती प्रत्यक्षात किती वळली. दांड्याच्या गाडीत या दोन रेघा म्हणजे एकाच माणसाची दोन नावं. तारांच्या गाडीत ती दोन वेगळी माणसं.

पुढच्या सकाळी अप्पांना गाडी चालवायला बसवलं, मी शेजारी टॅब मांडीवर घेऊन बसलो, सलीमभाई मागे. माझा बेत नेहमीचाच होता : पट्ट्यावर जायचं, मी चालवायला बसायचं, हात सोडायचे. पण उसाचा हंगाम. पट्ट्यावर कारखान्याकडे निघालेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांची रांग लागलेली. हात सोडायची सोयच नव्हती. म्हणून मी म्हणालो, "अप्पा, तसेच चालवत राहा. स्टेअरिंग नीट धरून ठेवा."

इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मी त्या गाडीची तपासणी स्टेअरिंगवर अप्पांचे हात असताना करत होतो.

पडद्यावर वरची रेघ करवतीच्या दातांसारखी झाली. बारीक, एकसारखी, थांबायचं नाव नाही. खालची रेघ सरळ. चाकं हलतच नव्हती.

"सापडलं!" मी एवढ्या जोरात ओरडलो की अप्पांनी ब्रेक मारला आणि मागून एका ट्रॅक्टरवाल्याने आमच्या घराण्याचा उद्धार केला.

चाकूरच्या अलीकडे एका हॉटेलसमोर गाडी थांबवली. मी आनंदाने वेडा झालो होतो. "अप्पा, वहम नाही! स्टेअरिंग खरंच हलतंय! बघा ही वरची रेघ. खालची, चाकांची, सरळ आहे." अप्पांचा चेहरा असा उजळला की काय सांगू. "म्हणत होतो न्हवं मी? म्हणत होतो! लावा फोन पोराला."

फोन लावण्याआधी आकडा पक्का करावा म्हणून मी स्वतः थोडं चालवलं. रेघ सरळ. सलीमभाईंनी चालवलं. तीही सरळ. एवढं झाल्यावर शहाण्या माणसाने काय ओळखावं? मी मात्र नवा सिद्धांत मांडला : अप्पांच्या उंचीप्रमाणे सीट पुढे ओढली की सीटखालची कुठलीतरी वायर दाबली जात असेल. सलीमभाई खिडकीबाहेर उसाची ट्रॉली बघत राहिले. त्यांना तेव्हा कळलं होतं असं ते आजही कबूल करत नाहीत.

आम्ही हॉटेलच्या बाकड्यावर बसलो. मी टॅब अप्पांच्या हातात दिला. "हे बघा, ही तुमची रेघ. आणि ही, मी चालवताना."

अप्पांनी टॅब दोन्ही हातांत धरला. मी बोटाने दाखवू लागलो. बोट रेघेवर ठरेना.

"अप्पा, हलवू नका ना जरा. रेघ दिसत नाहीये."

"मी कुठं हलवायलोय?"

मी टॅबकडे बघितलं. मग टॅब धरलेल्या हातांकडे बघितलं. अप्पांनीही बघितलं. टॅब बारीक, एकसारखा थरथरत होता, थेट त्या वरच्या रेघेसारखा.

 हॉटेलवाल्याने तीन चहा आणून ठेवले. अप्पांनी टॅब सावकाश बाकड्यावर ठेवला आणि हात धोतराच्या घडीत घेतले. कपाला हात लावला नाही. तेव्हा कुठे चहा सोडल्याचं कारण माझ्या डोक्यात शिरलं. भरलेला कप उचलला की सांडतो.

सगळा उलगडा मग धडाधड झाला. जुन्या गाडीचं स्टेअरिंग जड होतं. ते फिरवायलाच ताकद लागायची, त्या वजनाखाली हाताची थरथर दबून जायची. नवं स्टेअरिंग फुलासारखं हलकं. हाताची थरथर त्यात उतरायची, ते हलायचं आणि अप्पांना वाटायचं, गाडी हलवतेय. आणि गाडीतल्या संगणकाला ती थरथर फालतू वाटायची. तो ती गाळून टाकायचा. चाकं सरळ धावायची. शेजारी बसलेल्यालाही काही कळू नये इतकी सरळ. आणि मी? मी दर वेळी हात सोडून तपासत होतो. दोष हातात होता, आणि माझी तपासणीच हात काढून घेण्याची. चौकशीच्या आधी गुन्हेगारालाच घरी पाठवणाऱ्या पोलिसाला तो सापडणार कसा?

"म्हंजी गाडी बरोबर," अप्पा म्हणाले.

"गाडी अगदी बरोबर आहे."

"आन पोरगंबी बरोबर."

"तसं नाही. तो वहम म्हणत होता. वहम नव्हता. स्टेअरिंग हलत होतंच." हे सांगताना मला वाटलं की मी त्यांच्या बाजूने बोलतोय. माझ्या अकलेचा आवाका तेवढाच.

अप्पांनी ट्रॉल्या मोजल्यासारखं रस्त्याकडे बघितलं. मग म्हणाले, "पण मास्तर, गाडी तर सरळ चालायली न्हवं? तुम्हीच म्हणलाव, खालची रेघ सरळ हाय. हात हालंना का. गाडी संभाळून घेती. मग चालवू की. कुणाला कळायलंय?"

खरं सांगतो, 'हो' माझ्या जिभेवर आलं होतं. ते म्हणत होते त्यात चूक काहीच नव्हती. पडदा तेच सांगत होता. एक खोटं बोलण्याचीही गरज नव्हती. नुसतं गप्प बसलो असतो तरी सोमवार वाचला असता.

मी म्हणालो, "अप्पा, बारीक हललं तर गाडी गाळते. पण समोरून एकदम ट्रॉली आडवी आली तर? तेव्हा हात मोठा फिरवायचा असतो, आणि नेमका फिरवायचा असतो. ते तिला गाळता येत नाही. तुम्ही जे कराल तेच ती करणार. आणि तुमच्या हातांना ते जमेल का, हे मोजायचं मशीन माझ्याकडे नाही. ते डॉक्टरकडे आहे."

"पोराला सांगनार का तुम्ही?"

"नाही. तुम्ही सांगा. पण डॉक्टरला दाखवेपर्यंत चालवू नका."

अप्पांनी किल्ली माझ्यासमोर बाकड्यावर ठेवली. परत येताना गाडी मी चालवली. अप्पा मागे बसले.  दुकानाशी उतरताना सलीमभाईंनी त्यांचा हात धरला तर म्हणाले, "पाय चांगले हायती माझे." महेश येऊन गाडी घेऊन गेला. गाडीचं काय सापडलं, त्याने विचारलं. मी म्हणालो, "गाडीत दोष नाही." वाक्य खरं होतं. 

घरी सगळं सांगितलं. बायकोने वह्या तपासणं थांबवलं नाही. म्हणाली, "म्हणजे चाकं मोजली, टायर मोजले, रस्ता मोजला, स्वतःचं मशीनसुद्धा मोजलं. माणूस तेवढा राहिला." मग पेन खाली ठेवून म्हणाली, "पण आज बोललात ते बरं केलंत." तिच्याकडून इतके मार्क मला लग्नानंतर क्वचितच मिळालेत. तरी झोप लागली नाही. येणाऱ्या सोमवारी मी दुकानात उभा राहून नांदेड रस्त्याकडे बघत होतो. ती गाडी गेली तर वाईट, न गेली तरी वाईट. ती गेली नाही. त्याच्या पुढच्या सोमवारीही गेली नाही. मुखेडच्या जीपवाल्याची गोष्ट गिऱ्हाइकांना सांगणं मी बंद केलं.

अप्पा माझ्याकडे पुन्हा येणार नाहीत, हे मी धरून चाललो होतो. आपल्याकडे वाईट बातमी देणाऱ्याचं दुकान लोक वळसा घालून टाळतात.

मग एका सोमवारी सकाळी ती गाडी माझ्या पाटीला व्यवस्थित चुकवून आत आली. चालवत होती महेशची बायको, अश्विनी. अप्पा तिच्या शेजारी, डाव्या सीटवर. काच खाली होती, आतून आवाज येत होता, "हळू, हळू! लई वळवू नको, ही थोडक्यात वळती. मास्तरनं खांबाला घातली होती, बग, ती पाटी."

"बघितली, अप्पा. येणाऱ्या-जाणाऱ्या सगळ्यांना दाखवता तुम्ही," अश्विनी म्हणाली. मग मला, "काका, महेशना सोमवारी दुकान सुटत नाही. माझं लायसन्स लग्नापासून कपाटात पडून होतं. म्हटलं, मी नेते."

अप्पा उतरले. डॉक्टरांकडे जाऊन आले होते. हाताचा कंप आहे, काही घराण्यांत चालत येतो, गोळ्या दिल्यात, पण गाडी चालवायची नाही, असं सांगितलेलं. "अक्काला फोनवर सांगितलं," अप्पा म्हणाले, "तर म्हणती कशी, 'तुजंबी चालू झालं का? माजं तर लई दिवसांपासून हाय.' म्हणलं, मग सांगितलं न्हाई कामून? म्हणती, 'तू इचारलं कवा?' दर सोमवारी भाकरी खायला जायलो मी तिची. तिच्या हाताकडं बघितलंच न्हाई."

मी म्हटलं, "अप्पा, मी तर तुमच्या हाताकडे बघणारा माणूस असून—"

"तुम्ही चाकाकडं बघणारे, मास्तर." त्यांनी माझं वाक्य तिथेच मोडलं. "आता बगा, स्टेअरिंग हालत न्हाई. सूनबाई सांगती. पण गाडी जराशी डावीकडं ओढायली."

मी पाना घेऊन निघालोच होतो. थांबलो. वाकून आधी गाडीच्या आत बघितलं. डाव्या सीटच्या पायाशी, मागे, जिथे जागा मिळेल तिथे अक्कासाठी नेलेलं सामान : तांदळाचं पोतं, तेलाचा डबा, गुळाच्या ढेपा. सगळं डावीकडे, अप्पांच्या देखरेखीखाली. उजवी बाजू सुनेला अडचण नको म्हणून मोकळी.

"पोतं उजवीकडे ठेवा," मी म्हणालो.

"मशीनवर न चढवता?" अप्पांना माझा संशय आला.

सलीमभाईंनी सामान हलवलं आणि चहा सांगितला. चहावाला किटली घेऊन आला. बाकड्यावर दोन गिऱ्हाइकं होती, बाजारातलीच, अप्पांना ओळखणारी. मी चहावाल्याला खुणेने सांगणार होतो, अप्पांना नको. तेवढ्यात अप्पांनीच ग्लास पुढे केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"अर्धाच भर रे. पूर्ण भरला की सांडतो माझा."

त्यांनी ग्लास दोन्ही हातांनी धरला आणि सावकाश तोंडाला लावला. दोन-चार थेंब सदऱ्यावर पडले. बाकड्यावरची माणसं त्यांच्याकडे बघू लागली. मीही बघत होतो; आयुष्यभर चाकं बघितली, एकदा तरी हात नीट बघून घ्यावेत म्हणून.

अप्पांनी ग्लास खाली ठेवला.

"बघायलाव काय, मास्तर? ती पाटी सरळ करा आधी."